प्रशिक्षक झालेल्या भाच्यास

चि. भाच्यास,


मेलबर्नच्या क्लबाने मुलांचा फुटबॉल संघ तुझ्या हाती सोपवला हे कळून फार आनंद झाला. सरावाला उभा राहण्याआधी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा खेळाडू आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या नेथन बकलीची कारकीर्द नीट समजून घे.

१९९३ साली ब्रिस्बेन बेअर्सकडून खेळताना त्याने नवोदितांचा रायझिंग स्टार पुरस्कार पटकावला आणि पुढच्याच वर्षी तो कॉलिंगवूड क्लबात आला. तिथे १४ हंगामांत २६० सामने, सहा वेळा क्लबचा सर्वोत्तम खेळाडू, १९९९ पासून कर्णधारपद. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं २००३ चं ब्राउनलो पदकही तिघांत विभागून मिळालं. अजिंक्यपदाने मात्र कायम हुलकावणी दिली. २००२ ची अंतिम लढत कॉलिंगवूड ९ गुणांनी हरला; त्या सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक हरलेल्या संघाच्या बकलीलाच मिळालं. पुढच्या वर्षी हार ५० गुणांची. दोन्ही वेळा जिंकला तो ब्रिस्बेन लायन्स, म्हणजे त्याच्याच जुन्या क्लबाचा वारसदार.

प्रशिक्षकपद २०१२ मध्ये त्याच्याकडे यायचं, हे क्लबाने २००९ मध्येच ठरवून टाकलं होतं. पण मधल्या काळात तेव्हाचे प्रशिक्षक मिक मॉल्टहाउस यांनी २०१० चं अजिंक्यपद मिळवून दिलं, २०११ लाही संघ अंतिम सामन्यात नेला. अशा माणसाच्या जागी बसणं सोपं नव्हतं. पहिली दोन वर्षं संघ बाद फेरीत पोहोचला. मग २०१४ ते २०१७ अशी सलग चार वर्षं बाहेर. शेवटच्या वर्षी तर १३ वा क्रमांक.

स्वतःकडून जेवढं मागायचा तेवढंच तो पोरांकडूनही मागत होता, आणि तिथेच गाडी अडत होती.

२०१७ च्या अखेरीस क्लबाने सगळ्या कारभाराची झाडाझडती घेतली, तरी त्याला आणखी दोन वर्षं दिली. बकली बदलला. खेळाडूंशी मोकळेपणाने बोलू लागला, त्यांचं ऐकून घेऊ लागला. २०१८ मध्ये तोच संघ थेट अंतिम सामन्यात! पहिल्या सत्रात चांगली आघाडीही होती. पण अखेरच्या मिनिटांत वेस्ट कोस्टच्या डॉम शीडने सीमारेषेजवळून गोल मारला आणि सामना ७९-७४ असा निसटला.

जून २०२१ मध्ये तो पायउतार झाला. निरोपाच्या सामन्यात त्याच्या संघाने मेलबर्न संघाला हरवलं, आणि त्या वर्षीचं अजिंक्यपद मेलबर्ननेच जिंकलं. २०२३ मध्ये प्रशिक्षक क्रेग मॅक्रे यांच्या हाताखाली कॉलिंगवूड अजिंक्य ठरला. त्या संघाचा कर्णधार डार्सी मूर बकलीच्याच काळात वर आलेला. तेव्हा बकलीची प्रशिक्षकपदाची दहा वर्षं वाया गेली, असं कुणी म्हटलं तर मानू नकोस.

तू स्वतः उत्तम खेळलास, म्हणून हे मुद्दाम लिहितो. तुला सहज जमलेली किक एखाद्या मुलाला महिनाभर जमणार नाही. त्याच्यावर ओरडू नकोस; त्याचं कुठे अडतं ते आधी विचार. बकलीला हे उमगायला पाच-सहा हंगाम लागले. तू पहिल्या आठवड्यापासून सुरुवात कर, आणि प्रत्येक मुलाशी निदान एकदा तरी निवांत बोल.

तुझा,
मामा