चकमकीतून ठिणगी का पडत नाही?

प्रश्न : बांधकामाच्या सळईचा तुकडा ठोकून चकमक केली, लालभडक तापवून पाण्यात बुडवली. तरी गारगोटीवर ठिणगी नाही. काय चुकलं?

उत्तर : तुमचा हात नाही, लोखंड चुकलं. ठिणगी दगडाची नसते. दगडाची धार पोलादाचा बारीक कीस काढते आणि तो हवेत पेटतो. सळईत कार्बन कमी, म्हणून ती पाणी पाजूनही पुरेशी कडक होत नाही. जुनी कानस घ्या, तिच्यात साधारण १ टक्का कार्बन असतो. ठोकण्याआधी दाते घासून काढाच, नाहीतर तिथूनच चिरा जातात. लोहचुंबक चिकटेनासा झाला, की किंचित आणखी तापवून लगेच पाणी पाजा. दुसरी चांगली कानस चकमकीच्या कडेवरून नुसती घसरली, तर काम जमलं. गारगोटी मात्र ताजी फोडलेली, धारदार हवी. फोडताना डोळ्यांना चष्मा लावा.