वऱ्हाडातील नदीतीर्थांची यात्रा

अमरावतीच्या श्रीअंबादेवी व श्रीएकवीरादेवीचे दर्शन घेऊन भाविकांनी लहान समूहाने नदीतीर्थांच्या यात्रेस निघावे. पूर्वेस वर्धा नदीच्या तीरी कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर आहे. पश्चिमेस पूर्णेकाठी ऋणमोचन असून येथील यात्रेत संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) स्वतः झाडू घेऊन स्वच्छता करीत. पुढे अकोल्यात श्रीराजराजेश्वर विराजमान आहेत. श्रावणातील अखेरच्या सोमवारी कावडधारी भक्त गांधीग्रामहून पूर्णेचे जल पायी आणून त्यांस अभिषेक करतात. पूर्णाखोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारे असते. त्यामुळे नदीच्या गोड्या पाण्याचे मोल मोठे आहे. भाविकांनी निर्माल्य अथवा प्लास्टिक पात्रात टाकू नये. नदी निर्मळ राखणे हीदेखील देवाची सेवाच होय.