कार्डाला पत्ता मिळाला, विंडोजला कार्ड सापडेना

खामगावच्या एका कॉलेजात चाळीस नवी मशीन बसवायची होती आणि सोमवारी परीक्षा. पेन ड्राइव्हने एकेक करण्याऐवजी सर्व्हरवरच्या विंडोज डिप्लॉयमेंट सर्व्हिसेसमधून विंडोज टाकायचं ठरवलं. जुन्या मशीनवर हे चोख चाललं होतं, म्हणून नव्या मॉडेलवर आधी करून पाहिलं नाही. चूक तिथेच झाली.

पहिल्या मशीनला डीएचसीपीकडून आयपी मिळाला, बूट इमेज उतरली आणि पडद्यावर आलं: इमेजमध्ये या कार्डाशी जुळणारा ड्रायव्हर नाही. मला पटेना. कार्ड चालत नाही, तर एवढी मोठी फाइल आली कशी? केबल बदलल्या, स्विचचे पोर्ट बदलले. "सर, केबल तं ठीक हाय," लॅबमधला मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मध्ये दोनदा लाइट गेली.

त्याचंच खरं होतं. इमेज आणतो तो कार्डाच्या फर्मवेअरमधला पीएक्सई. बूट इमेजमधली छोटी विंडोज, म्हणजे विंडोज पीई, मेमरीत चढली की त्याचं काम संपतं. पुढे पीईला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. आमची बूट इमेजची फाइल, बूट.विम, जुनी, मशीनमधली रिअलटेकची चिप नवी.

असं झालं तर आधी शिफ्ट आणि एफ१० दाबा, आयपीकॉन्फिग चालवा. एकही अडॅप्टर दिसत नसेल, तर केबलला हात लावू नका. एका मशीनवर पेन ड्राइव्हने विंडोज टाकून डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाचा हार्डवेअर आयडी बघा: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. त्याच आयडीचा ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या. सेटअपची ईएक्सई फाइल इथे कामाची नाही. ती उलगडून आतली आयएनएफ आणि तिच्या सोबतच्या फाइली लागतात.

मग विंडोजच्या डिस्म कमांडने बूट.विम एका फोल्डरमध्ये माउंट करून ड्रायव्हर घालायचा. इथे मी आणखी एक तास घालवला. बूट.विममध्ये दोन इमेज असतात; मी पहिलीत ड्रायव्हर घातला, सेटअप मात्र दुसरीतून चालतो. अनमाउंट करताना कमिट विसरलात, तर सगळं पाण्यात. माउंटचं फोल्डर एक्सप्लोररमध्ये उघडं असेल तर तेही आधी बंद करा. शेवटी सर्व्हरवरची बूट इमेज बदला, नाहीतर तो जुनीच वाटत राहतो.

पहाटे पहिलं मशीन लागलं, पण विंडोज उघडल्यावर नेटवर्क पुन्हा गायब. मशीनवर बसते ती विंडोज इन्स्टॉल.विममधून येते; तोच ड्रायव्हर तिच्यातही घालावा लागला. रविवारी दुपारी चाळीसावं मशीन उठलं, तेव्हा तो मुलगा अजून तिथेच बसून होता.