न दुखणारी गाठ

"दुखत तर नाही, मग कशाला दाखवायचे?" छातीत गाठ लागली की आपल्याकडील बायका असे म्हणतात आणि महिने निघून जातात. वास्तविक स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. गाठ, काखेतील सूज, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, कातडीला खळी पडणे, यांपैकी काही नवे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते; पण ते ठरविणे डॉक्टरांचे काम, शेजारणीचे नव्हे.

त्यासाठी प्रत्येक वेळी महागडे यंत्रच लागते असेही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोग तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ४७ टक्के, तर तपासलेल्या गटात ३७ टक्के होते. पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मृत्यूंत तशी घट दिसली नाही. म्हणून तरुण मुलींनी गाठ अंगावर काढावी, असा अर्थ कोणी काढू नये.

सरकारी आरोग्य केंद्रांतून तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी अशी तपासणी ठेवलेली आहे. भगिनींनो, तेथे जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. लाजून त्याच मागे राहतात, आणि वयाने गरज त्यांनाच अधिक असते.