वाफेचे मासेमारी जहाज आणि श्रमिक

इतिहासाच्या तासाला आम्ही हा धडा आवर्जून शिकवतो. १८७७ साली इंग्लंडमधील नॉर्थ शील्ड्स बंदरात विल्यम पर्डी यांनी ‘मेसेंजर’ या जहाजे ओढणाऱ्या वाफेच्या बोटीला जाळे बांधून मासेमारी केली. लोक प्रथम हसले. परंतु वारा पडला तरी ही बोट थांबत नाही, हे लवकरच पटले. पुढे ग्रिम्सबी बंदर अशा ट्रॉलरांनी भरले. जड जाळे वाफ ओढी. भट्टीत कोळसा घालणे, थंडीत मासे साफ करणे मात्र माणसाच्याच वाट्यास राहिले. १९०१ मध्ये मालकांनी ठरलेला पगार घटवून उत्पन्नातील वाट्याची अट घातली. कामगारांनी ती नाकारली. जहाजे कित्येक आठवडे गोदीत उभी राहिली. वाऱ्यावरचे अवलंबन यंत्राने दूर केले; मालकाच्या मर्जीवरचे दूर करण्यास श्रमिकांना संघटितच व्हावे लागते.