रंजू, मिनेसोटाच्या काड्या नकोत

रंजू, तुझ्या दिरांना आजच कळव, येताना बॅगेत द्राक्षाच्या काड्या घालू नका म्हणावं. व्हिडिओ कॉलवर त्यांच्या अंगणातले काळेभोर घड बघून तुझा जीव त्या वेलीत अडकलाय, ते दिसतंय मला. "ताई, गुडघाभर बर्फातून जी दरवर्षी जिवंत निघते, तिला आमची जोगेश्वरी काय जड जाणार?" असं तू म्हणालीस आणि मला बोलूच दिलं नाहीस. म्हणून आता बसून सविस्तर लिहिते. पिंपळगावच्या सासरी छाटणी, विरळणी, तोडणी यांच्याच हिशेबानं माझं वर्ष सरतं, तेवढ्यासाठी तरी ऐक.

दिरांची वेल फ्रॉन्टेनॅक जातीची आहे ना? ती मिनेसोटा विद्यापीठानं १९९६ साली बाहेर काढली. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्या राज्यातल्या टॉवर नावाच्या गावी पारा उणे ५१ अंशांवर गेला होता, म्हणजे कसल्या मुलखासाठी ती तयार केलीय बघ. फ्रॉन्टेनॅकच्या रक्तात तिथल्या नदीकाठची रानवेल आहे, रिपारिया. ऑगस्ट सरता सरता दिवस आखूड व्हायला लागला की ही रानवेल वाढ थांबवते, हिरवी काडी पिकवून तपकिरी करते, काडीवरच्या डोळ्यांतलं, म्हणजे कोंबांतलं, पाणी आवरतं घेते, पानं टाकते आणि झोपी जाते. मग उणे तीस अंशांतही डोळा मरत नाही. तिची ताकद ही अशी झोपण्यात आहे. आणि त्या झोपेतून उठायलासुद्धा तिला थंडीच लागते. शून्य ते सात अंशांच्या आसपासचा गारवा कित्येक आठवडे मिळाला तर वसंतात सगळे डोळे एकदम फुटतात.

आता ही गरज जोगेश्वरीत कुठून भागवशील? मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलेलं आजवरचं सगळ्यांत कमी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२ला, एका रात्रीपुरतं. दिवसाचंही तसंच. मिनेसोटात जूनमधला दिवस साडेपंधरा तासांचा असतो, आपला मोठ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा. म्हणजे त्या वेलीला आपल्याकडे भर उन्हाळ्यातसुद्धा शरद आल्यासारखं वाटणार. ती अवेळी आवरतं घेईल, आणि जागं करायला थंडी नाही म्हणून एक डोळा फुटेल नि चार निजलेलेच राहतील. डावणीच्या बुरशीला ती दाद देत नाही हे दिरांचं म्हणणं खरं आहे, नाही म्हणत नाही मी. पण ती बुरशीनं मरणार नाही, झोपमोडीनं मरेल.

थंडीचं आम्हाला कौतुक नाही असं समजू नकोस. आमच्या निफाड तालुक्यात डिसेंबरात पारा पाचाखाली उतरला की माणसं रात्री बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात. कारण त्या वेळी आमच्या वेलीवर घड लटकत असतात. मणी तडकतात, थॉमसनवर पिंक बेरी येते आणि व्यापारी नाक मुरडतो. मिनेसोटातली वेल थंडीत उघडीबोडकी झोपलेली असते, आमची भरल्या अंगानं उभी असते. थंडी दोघींच्याही वाट्याला येते, फरक वेळेचा आहे.

काड्या बॅगेतून आणण्याबद्दल अजून एक. परदेशातून रोपं, कलमं, काड्या आणायला आपल्याकडे २००३चा प्लांट क्वारंटाइन आदेश आहे. आधी आयात परवाना, तिकडच्या सरकारचा रोगमुक्तीचा दाखला, इथं आल्यावर वेगळं ठेवून तपासणी, एवढं सगळं लागतं. विमानतळावर सापडल्या तर जप्त होतील, आणि झालेल्याच बऱ्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेहून अशाच वेलींबरोबर फायलोक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड फ्रान्सला गेली आणि तिनं तिथल्या बागाच्या बागा उजाड केल्या. तुझ्या अंगणातल्या हौशीपायी आमच्या पट्ट्यातल्या बागायतदाराच्या पोटावर पाय यायला नको.

आता तुझं तोंड उतरलं असेल, तर पुढचं वाच. थंडी सोसणारी अमेरिकन वाईनची वेल आपल्याकडे केव्हाचीच येऊन रुळलीय. तू बंगळूर ब्लू खाल्लीयस की. बाजारात मिळतात ती जाड सालीची काळी द्राक्षं, दाबली की गर टुणकन बाहेर येतो आणि हाताला जॅमसारखा वास राहतो. ती म्हणजे अमेरिकेतली इझाबेला. १८१६च्या सुमारास तिकडं ती प्रसिद्धीला आली, मग युरोपभर पसरली, काळ्या समुद्राच्या काठी आजही घरोघरी मांडवावर दिसते. फ्रान्सनं तर १९३४च्या सुमारास कायदा करून तिच्या वाईनवर बंदी घातली, तिच्या त्या वासाला तिथले जाणकार नाकं मुरडत. आपल्या दक्षिणेत मात्र ती अशी रमली की २०१३ साली बंगळूर ब्लूला भौगोलिक मानांकनही मिळालं. इझाबेला बर्फही सोसते आणि उकाडाही, कारण ती रिपारियाएवढी झोपेची हट्टी नाही. तुला लावायचीच असेल तर ही लाव.

दुसरी एक आहे, तिची गोष्ट मला फार आवडते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं, म्हणजे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या त्या संस्थेनं, एआरआय-५१६ नावाची जात काढलीय. तिची एक बाजू कॅटॉबा, जी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या ओहायोत वाईनसाठी नावाजलेली होती, आणि दुसरी बाजू आपल्या ओळखीची ब्यूटी सीडलेस. अमेरिकन बाजूकडून बुरशीशी झुंजायची ताकद, दुसरीकडून रसाळपणा. छाटणीपासून ११० ते १२० दिवसांत पिकते, रस, जॅम, रेड वाईन सगळ्याला चालते. रोप मिळालं तर बंगळूर ब्लूच्या आधी हिला पसंती दे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची मांजरी मेडिकाही रसासाठीच आहे, गर आतूनसुद्धा लाल. थॉमसन, सोनाका, माणिक चमन यांच्या नादी मात्र मुळीच लागू नकोस. आमच्या कोरड्या हवेतसुद्धा त्या फवारणीवर जगतात. २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी आला तेव्हा नाशिक जिल्ह्यात डावणीनं कोवळे घड कसे जळाले ते आठवतंय ना? जोगेश्वरीत तर २६ जुलै २००५ला एका दिवसात शेजारच्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर कोसळला. तेवढा निफाडकडे सहसा अख्ख्या वर्षात पडत नाही.

जागेच्या बाबतीत तू नशीबवान आहेस. तुमची बैठी घरं पूर्वेला चढावर आहेत, खाली मुरूम, पाणी साचत नाही. पश्चिमेला ओशिवऱ्याच्या सखल भागात कुणी विचारलं असतं तर मी ड्रममध्येच लाव म्हटलं असतं. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा घे. तळाला विटांचे तुकडे, वर माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडी वाळू. ताजं शेण घालायचं नाही. लागवड जानेवारी-फेब्रुवारीत कर, म्हणजे पावसाआधी मूळ धरेल. आणि सहा-सात तास ऊन नसेल तर हा बेतच सोड, त्या जागी मोगरा लाव आणि सुखी राहा.

आता खरं काम. आपल्याकडे वेल आपण होऊन झोपत नाही, तिचं ऋतुचक्र कात्रीनं चालवावं लागतं. म्हणून वर्षात दोन छाटण्या. पहिली खरड छाटणी. आमच्याकडे तिला एप्रिल छाटणीही म्हणतात, तू मार्च संपता संपता उरकून टाक. पहिल्या वर्षी फक्त एक सरळ खोड मांडवापर्यंत चढव, तिथं शेंडा खुड, दोन्ही बाजूंना दोन ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, धर. पुढच्या वर्षापासून ओलांड्यावरची प्रत्येक काडी एक-दोन डोळे ठेवून खरडून टाकायची. बघवणार नाही तुला. शेजारणी हळहळतील, "अहो, हिरवीगार वेल कापली!" कापायचीच.

कारण असं की पुढच्या मोसमाचा घड काडीच्या डोळ्यात एप्रिल-मेच्या उन्हातच तयार होतो, ऑक्टोबरात तो फक्त बाहेर येतो. खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात डोळा ठरवतो की आपण घड व्हायचं की नुसती बाळी, म्हणजे वेलीचा आधाराचा तंतू. तेव्हा आभाळ भरलेलं असेल, फांद्यांची दाटी झाली असेल, तर झाली बाळी. आमच्या गावात सुद्धा नवखे ऑक्टोबरात रडतात आणि चूक मात्र मेमध्ये झालेली असते. म्हणून तू छाटणी पंधरा एप्रिलपर्यंत लांबवलीस तर तुझे डोळे जूनच्या ढगात सापडतील. दाट फुटी विरळ कर, बगलफुटी काढ, प्रत्येक काडीला ऊन दिसू दे. पावसाळ्यात नत्राचं खत देऊ नकोस, काडी पिकू दे. हिरवी काडी तपकिरी झाली, वाकवल्यावर कडक लागली, की ती पिकली.

दुसरी फळछाटणी. पाऊस परतला याची खात्री झाल्याशिवाय कात्रीला हात लावू नकोस, म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा धर. आधी आठ-दहा दिवस पाणी तोड, राहिलेली पानं हातानं काढ, मग पिकलेल्या काडीवर पाचेक डोळे राखून वरचं काप. आमच्याकडे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते तू घरात आणूच नकोस. कातडी भाजते, आणि त्याच्या आसपास कुणी दारू घेतली तर माणूस लालबुंद होऊन धापा टाकायला लागतो. तुझ्या एका वेलीचे दोन डोळे मागेपुढे फुटले तर कुठं निर्यात अडणार आहे?

रोगाचं सांगते. बंगळूर ब्लू करप्याला चांगलं तोंड देते, पण पावसाळ्यात तिच्या पानामागे तांबेरा येतो, पान उलटून बघितलंस तर हळदीसारखी पूड दिसेल. अशी पानं काढायची, खाली पडलेलीही झाडून बाहेर टाकायची, कुंडीत कुजवायची नाहीत. आणि बोर्डो मिश्रण घरी कर. दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम मोरचूद, पन्नास ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळव, लोखंडाची, जस्ताची बादली घ्यायची नाही. चुन्याचं पाणी फडक्यातून गाळ, मग त्यात मोरचुदाचं पाणी हळूहळू ओतत काठीनं ढवळत राहा. आभाळासारखा निळा रंग येतो. आता घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा त्यात मिनिटभर बुडव. वर काढल्यावर त्याच्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी पडलाय, पानं जळतील, अजून थोडं चुन्याचं पाणी घाल. खिळा जसाच्या तसा निघाला की फवारायला घे, आणि केलेलं त्याच दिवशी संपव. सकाळी शेजारच्या वहिनींचे कपडे दोरीवर असताना मात्र फवारू नकोस. निळे डाग जात नाहीत आणि चाळीतली भांडणं तर त्याहून जात नाहीत. मणी मऊ पडायला लागले की फवारणी बंद.

फेब्रुवारी-मार्चमध्ये घड पिकतील. तेव्हा बुलबुल, खारी आणि रात्री वटवाघळं हजर. प्रत्येक घडाला जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांध. रंग आला म्हणून तोडू नकोस. बंगळूर ब्लू आधी काळी होते आणि गोड फार उशिरा, रोज एक मणी चाखायचा.

आणि तो वाईनचा विषय. दीर तिकडे तळघरात काचेच्या बरण्या लावतात म्हणून तू इथं माळ्यावर लावायच्या नाहीत. १९४९चा आपला दारूबंदी कायदा अजून आहे, परवान्याशिवाय घरी वाईन करणं हा गुन्हा आहे. तुझ्या यजमानांची नोकरी सरकारी, विसरू नकोस. रस काढ, जेली कर. या जातीची जेली अशी सुंदर जमते की पोरं पोळीला दुसरं काही लावायची नाहीत.

पहिल्या फळछाटणीत एखाद-दुसरा घड आला तर मोह न करता खुडून टाक. अंगावर मांस यायच्या आधी वेलीला फळाला लावलं तर ती बसते. तिसऱ्या वर्षापासून धर, तेही काडीला एकच घड. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी तुझे दाजी ओळखीच्या रोपवाटिकेतून एआरआय-५१६ची, ती न मिळाली तर बंगळूर ब्लूची मुळं फुटलेली रोपं बघून ठेवतील. तोवर मांडवाचे लोखंडी पाइप उभे करून घे, बांबूवर भागवू नकोस, मुंबईच्या एका पावसात तो कुजतो.