गाडीतून मध्येच उतरवलं? तक्रारीला खर्च किती, पदरात काय?

समजा, रात्रीच्या गाडीनं दोन मित्र बडनेऱ्याला उतरले. मोबाइलवर रिक्षा मागवली, अमरावतीकडं निघाले. चालकानं आरशात पाहिलं, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात दिसला. अर्ध्या वाटेत त्यानं रिक्षा बाजूला घेतली आणि म्हणाला, "असल्या लोकाइले आपण नाही नेत. उतरा." वर एक शिवी.

अशा वेळी बहुतेक जण मुकाट्यानं उतरतात. तक्रार केली तर वकील लागेल, पैसे जातील, वर गावभर चर्चा होईल, अशी धास्ती असते. पहिल्या दोन शंका बऱ्याच अंशी चुकीच्या आहेत. तिसरी खरी आहे, पण तिच्यावरही उपाय आहे.

कायदा काय देतो, काय देत नाही

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नवतेजसिंग जोहर खटल्यात सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. त्याआधी 2017 मध्ये, गोपनीयतेच्या हक्काचा निकाल देताना, लैंगिक कल हा व्यक्तीच्या खासगीपणाचा अविभाज्य भाग असल्याचं याच न्यायालयानं म्हटलं होतं. पण राज्यघटनेतल्या समानतेचं बंधन मुख्यतः सरकारवर आहे. ब्रिटनच्या 2010 च्या समानता कायद्यानुसार कोणत्याही सेवा देणाऱ्याला लैंगिक कलावरून ग्राहकाला नाकारता येत नाही. आपल्याकडं समलिंगी प्रवाशांसाठी असा एकच सरळ कायदा नाही.

तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींची बाजू वेगळी आहे. त्यांच्यासाठी 2019 चा स्वतंत्र कायदा आहे. सार्वजनिक सेवा नाकारण्यास त्यात मनाई आहे, आणि शारीरिक, लैंगिक, शाब्दिक किंवा मानसिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं कैदेची तरतूद आहे.

समलिंगी प्रवाशाच्या हाती मग काय उरतं? कोणत्याही प्रवाशाच्या हाती असतं तेच: मोटार वाहन कायदा, ग्राहक संरक्षण कायदा आणि भारतीय न्याय संहिता. भाडं नाकारणं, मध्येच उतरवणं, शिवीगाळ, धमकी, मारहाण यांना या कायद्यांत जागा आहे. त्यामुळं "मी गे आहे" हे तक्रारीत लिहायची गरज नाही. चालकानं काय केलं आणि काय म्हटलं, एवढं लिहिलं की पुरे.

पहिला अर्धा तास

फेरी स्क्रीनवर असतानाच स्क्रीनशॉट काढा. चालकाचं नाव, गाडीचा नंबर, फेरीचा क्रमांक, वेळ आणि ठिकाण त्यात आलं पाहिजे. "तुम्हीच कॅन्सल करा" असं चालक म्हणाला तरी करू नका. तुम्ही रद्द केली की नोंदीत दोष तुमचा दिसतो आणि शुल्कही तुमच्याच माथी बसतं.

स्टँडवरून हात करून घेतलेली रिक्षा असेल तर नंबरप्लेटचा फोटो काढा. अमरावतीची पाटी एमएच 27, अकोल्याची एमएच 30. चालकाचा बिल्ला दिसला तर त्याचा क्रमांक टिपा. आवाज रेकॉर्ड केला असेल तर मूळ फाइल तशीच ठेवा, काटछाट करू नका. आणि चालकाचा व्हिडिओ लगेच इन्स्टाग्रामवर टाकू नका. उलट तक्रारीला निमित्त मिळतं आणि तुमची ओळखही तुमच्याच हातानं फुटते.

जिवाला धोका वाटला तर आधी 112 लावा, पुरावा नंतर.

कुठं जायचं, किती लागतं

*कंपनीकडं तक्रार: शून्य रुपये.* ॲपमधल्या मदत विभागात लिहा आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलही करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निपटारा महिनाभरात व्हायला हवा. एकाच वर्गातल्या ग्राहकांमध्ये भेदभाव करायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे. फेरीची नोंद जपून ठेवा, अशी मागणी पहिल्याच ईमेलमध्ये करा. कारण नसताना चालकानं फेरी रद्द केली तर त्याला भाड्याच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 100 रुपये दंड व्हावा, असं केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे.

*ग्राहक हेल्पलाइन 1915: शून्य रुपये.* कंपनीनं दाद दिली नाही तर इथं नोंदवा. इथून हुकूम निघत नाही, पण तक्रार कंपनीपर्यंत जाते आणि पुढच्या लढाईसाठी कागद तयार होतो.

*आरटीओ: साधा अर्ज, शुल्क नाही.* खर्च झेरॉक्स आणि स्पीड पोस्टचा, शंभर रुपयांच्या आत. स्वतः नेऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. प्रवासी नाकारल्याचा दंड ऐकून मात्र हसू येईल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 178 नुसार दुचाकी-तीनचाकीला 50 रुपयांपर्यंत, इतर गाड्यांना 500 रुपयांपर्यंत, आणि तोही सरकारजमा. चालकाला खरी भीती परमिट निलंबनाची असते. म्हणून अर्जात "परवान्याच्या अटींचा भंग झाला असल्यास कारवाई करावी" हे वाक्य घाला.

*पोलीस: शून्य रुपये.* एफआयआरची प्रत फुकट मिळते. घटना कुठल्याही हद्दीत घडली असो, जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवता येतो. नुसता अपमान, साधी धमकी किंवा साधी मारहाण असेल तर बहुधा "एनसी" म्हणजे अदखलपात्र नोंद होते. तिचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, तरी ती घ्याच. ग्राहक आयोगात ती पुरावा म्हणून लावता येते. गुन्हा दखलपात्र असूनही ठाण्यात दाद लागली नाही तर अमरावती शहरात पोलीस आयुक्तालयात, अकोल्यात पोलीस अधीक्षकांकडं लेखी द्या. त्यानंतरची पायरी दंडाधिकाऱ्यांची.

*जिल्हा ग्राहक आयोग: मोजलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य.* रिक्षाचं भाडं ऐंशी रुपये, तेव्हा प्रश्नच मिटला. आयोग अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. कंपनीचं मुख्यालय बंगळुरूत असो की गुरुग्रामला, तिथं जावं लागत नाही. ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते. वकील बंधनकारक नाही. मुदत दोन वर्षांची.

प्रतिज्ञापत्रासाठी कचेरीबाहेर कुणी 500 रुपयांचा स्टॅम्प घ्यायला लावला तर थांबा. न्यायालयात आणि सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. नोटरीचे पैसे तेवढे द्यायचे, तेही पावती मागून.

*वकील हवाच असेल तर* आधी 15100 वर फोन करा किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न तीन लाख रुपयांच्या आत असेल तर.

पदरात काय पडतं

ठाण्याच्या अतिरिक्त जिल्हा ग्राहक आयोगाचं एक प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. त्यात भेदभावाचा मुद्दा नव्हता, पण ॲपवरच्या गाडीची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न होता. जून 2018 मध्ये डोंबिवलीच्या एका महिला वकिलांचं चेन्नईचं विमान उबरच्या चालकाच्या दिरंगाईनं चुकलं. आम्ही फक्त ॲप चालवतो, चालक आमचा नोकर नाही, असा कंपनीचा बचाव होता. आयोगानं तो मानला नाही. 2022 मध्ये मानसिक त्रासाचे 10,000 आणि दाव्याच्या खर्चाचे 10,000 रुपये देण्याचा आदेश झाला.

यातून दोन हिशेब कळतात. रक्कम वीस हजारांच्या घरातली असू शकते, लाखांची स्वप्नं पाहू नयेत. आणि कायदा तीन महिन्यांत निकालाचं उद्दिष्ट सांगत असला तरी वर्षं लागतात. खिशातून फी जात नाही, पण तारखेचे दिवस जातात. रोजंदारीवर असाल तर बुडालेली मजुरी हाच मोठा खर्च, तो अर्जात मागा.

ओळख फुटण्याची किंमत

अमरावती-अकोल्यात चालक कुणाच्या तरी मामेभावाचा दोस्त निघतोच. म्हणून अर्ज असा लिहा: "अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक क्रमांकाच्या रिक्षाचालकानं मला व माझ्या सहप्रवाशाला ठरलेल्या ठिकाणी न नेता मध्येच उतरवलं व शिवीगाळ केली." चालकाचे शब्द जसेच्या तसे दिले तर भेदभाव आपोआप दिसतो, तुमच्याबद्दल काही सांगावं लागत नाही. पत्ता म्हणून कामाचं ठिकाण देऊन, उत्तर ईमेलवर मागता येतं, म्हणजे पाकीट घरी जात नाही. आयोगाची सुनावणी मात्र खुली असते, हे धरून चाला.

"घरी सांगतो, नाहीतर पैसे टाक" असं कुणी म्हटलं तर एक रुपयाही पाठवू नका. ही खंडणी आहे. न्याय संहितेच्या कलम 308 नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. संदेश पुसू नका, तोच पुरावा. ठाण्यात एकट्यानं जायला धीर होत नसेल तर नागपूरचा सारथी ट्रस्ट किंवा मुंबईचा हमसफर ट्रस्ट यांच्याशी आधी बोला.

निवड कशी करायची

नुसतं नाकारलं असेल तर कंपनी आणि आरटीओ पुरेसे आहेत, खर्च शंभराच्या आत. शिवी, धमकी, मारहाण किंवा पैशाची मागणी असेल तर पोलीस. गाडी चुकली, परीक्षा बुडाली, रात्री दुसरी गाडी करावी लागली असं नुकसान असेल तर ग्राहक आयोग, आणि त्या दुसऱ्या गाडीची पावती जोडा. लढायचं की नाही हे त्याच रात्री ठरवण्याची सक्ती नाही, आयोगाकडं जायला दोन वर्षं आहेत. स्क्रीनशॉट मात्र त्याच रात्री काढावा लागतो.